पाण्याचं विरजण

"तू त्या ॲक्वेरियमवरच पीएच.डी. करतेयस ना? मग सांग, माझे मासे का मेले?"

रात्री साडेअकराला ठाण्याहून दादाचा फोन. 'जेवलीस का' नाही, 'कशी आहेस' नाही. माझ्या प्रबंधाबद्दल आमच्या घरातून आलेला हा पहिला खरा प्रश्न, त्यामुळे मी जरा सावरूनच बसले.

दादाकडे दोन वर्षं खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी होती. साधारण ६० लिटरची. त्यात दोन क्लाउनफिश, एक निळा डॅमसेल आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा. सगळं सुरळीत चाललेलं. मग त्याला वाटलं, आता मोठी घ्यावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे जवळपास २४० लिटर. हा आमचा दादा म्हणजे काम व्यवस्थितच करणार. स्टँड स्पिरिट लेव्हल लावून बसवला. आधी साधं पाणी भरून टाकी दोन दिवस गळते का ते पाहिलं. आरओच्या पाण्यात साडेआठ किलो समुद्री मीठ मिसळलं, रात्रभर पंप लावून घुसळलं, घनता मोजली, २६ अंशांवर हीटर लावला. जुन्या टाकीतले दगड नळाखाली ब्रशने घासघासून पांढरे केले आणि गॅलरीत उन्हात वाळवले. फिल्टरमधला स्पंज काळा झाला होता, तो फेकला. वाळू नवी आणली. वहिनी म्हणाली, "आता कशी स्वच्छ दिसतेय!" त्याच संध्याकाळी मासे नव्या टाकीत सोडले.

चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकायला लागले. सहाव्या दिवशी तिन्ही गेले. खेकडा तेवढा वाचला.

जे घडलं त्यात दादाने 'मोठी टाकी कशी भरावी' याचे सगळे दिसणारे नियम पाळले होते. चूक झाली ती न दिसणाऱ्या गोष्टीत. गंमत म्हणजे लहान टाकीतून मोठ्या टाकीत जाताना याच जागी एकोणिसाव्या शतकातली भलीभली माणसं अडखळली होती, आणि ती अडखळ म्हणजेच माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. तेव्हा तुमच्याही घरात मोठी टाकी यायची असेल किंवा नसेल, ही गोष्ट ऐका. इंग्लंडमधली आहे, एका बरणीपासून सुरू होते.

१८४६ साली ॲना थिन नावाची एक बाई डेव्हनमधल्या टॉर्की गावी समुद्रकिनाऱ्यावर राहायला गेली होती. नवरा लॉर्ड जॉन थिन, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतला मोठा धर्माधिकारी. बाईंना तिथल्या खडकांत कपाच्या आकाराची छोटी जिवंत प्रवाळं सापडली आणि ती लंडनला न्यायची त्यांनी ठरवलं. (हेच आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर केलं असतं तर बाई अडचणीत आल्या असत्या. आपल्याकडे २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे.) प्रवासात हिंदकळून ती मरू नयेत म्हणून त्यांनी ती सुई-दोऱ्याने एका स्पंजला टाचली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून लंडनला नेली.

लंडनला समुद्र नाही. पाणी बदलायचं तर ते किनाऱ्यावरून मागवावं लागणार. ते दरवेळी कुठून जमायला? मग बाईंनी एक युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, परत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. रोज अर्धा-पाऊण तास. हे काम कोण करायचं? घरातली एक लहान मोलकरीण. थिनबाईंनी नंतर लिहिलेल्या लेखात ती येते. तिला त्या कामाची मजाच वाटायची, असं बाई म्हणतात. तिचं नाव मात्र लेखात नाही. मला हा लेख पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं, दुसऱ्यांदा नाही आलं. चहा थंड करायला आपण कपातून बशीत ओततो तसं, पण भरलेल्या जड भांड्यांनी, पाऊण तास, रोज.

१८४७ मध्ये बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती घातल्या. सूर्यप्रकाशात वनस्पती ऑक्सिजन सोडतात हे तोवर माहीत होतं. वनस्पतींनी जम धरला, मुलीचे कष्ट कमी झाले. प्रवाळं जगली, वाढली, त्यांना पिल्लंही झाली. हे टिपण छापून आलं ते १८५९ साली, एका निसर्गविज्ञानाच्या मासिकात. तोवर मत्स्यालयाच्या शोधाचं श्रेय दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं होतं.

त्यातलं पहिलं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हा रसायनशास्त्रज्ञ, लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, नोकरीला. १८४९ साली त्याने १२ गॅलनच्या काचपात्रात (आपल्या हिशेबात सुमारे ५५ लिटर, दादाच्या जुन्या टाकीएवढंच) गोड्या पाण्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. मासे श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडणार, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देणार. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवं शेवाळ चढलं. मग त्याने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. वॉरिंग्टनने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं आणि मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा एक सुंदर 'समतोल' सगळ्यांच्या डोक्यात बसला. पुढच्या काही वर्षांत त्याने हाच प्रयोग खाऱ्या पाण्यात केला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वॉरिंग्टनला एक मुलगा होता. त्याचंही नाव रॉबर्टच. जन्म १८३८. म्हणजे हा प्रयोग चालू होता तेव्हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा.

दुसरं नाव फिलिप हेन्री गॉस. हा निसर्गलेखक, उत्तम चित्रकार आणि कट्टर धार्मिक. १८५४ सालच्या त्याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द रुळवला. त्याआधी लोक 'व्हिव्हॅरियम', 'ॲक्वा-व्हिव्हॅरियम' असलं काहीबाही म्हणत. गॉसच्या पुस्तकानंतर इंग्लंडात मत्स्यालयाचं वेड पसरलं. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. दिवाणखान्यात समुद्र ठेवायची सोय झाली. किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी लोकांनी इतकी खरवडून नेली, की पुढे गॉसच्याच मुलाने, एडमंडने, वडिलांच्या पुस्तकांमुळे तो किनारा उजाड झाल्याची हळहळ व्यक्त केली.

मला गॉसमध्ये रस आहे तो त्याच्या मिठामुळे. खारं पाणी लांबून आणण्यापेक्षा घरीच का करू नये, म्हणून त्याने समुद्राच्या पाण्याचं उपलब्ध रासायनिक विश्लेषण समोर ठेवून चार क्षारांची पाककृती काढली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चुन्यासारखे बाकीचे घटक त्याने सोडून दिले. आजच्या नजरेने ही पाककृती अर्धवट आहे. दादाच्या पिशवीतल्या मिठात कितीतरी जास्त घटक असतात. पण पाणी तयार झाल्यावर गॉसने काय केलं ते बघा. त्याने त्यात लगेच प्राणी सोडले नाहीत. टाकीच्या तळाशी समुद्रातले दगड ठेवले, ज्यांवर समुद्री शेवाळ वाढलेलं होतं. मग काही दिवस टाकी नुसती तशीच ठेवली आणि त्यानंतर प्राणी सोडले.

का थांबला? त्याच्या मते प्राण्यांच्या आधी शेवाळाचा फायदा पाण्याला मिळावा म्हणून. कारण अपुरं होतं, कृती बरोबर होती. विज्ञानाच्या इतिहासात असं इतक्या वेळा दिसतं की मला आता त्याचं आश्चर्य वाटेनासं झालंय. चुकीच्या कारणाने केलेली बरोबर गोष्ट वर्षानुवर्षं टिकते. मात्र आकार बदलला की ती दगा देते, कारण तिच्यातला नेमका कुठला भाग मोठा करायचा हे कुणालाच माहीत नसतं.

आकार बदलला १८५३ मध्ये. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. लोक त्याला 'फिश हाउस' म्हणत. लोखंड आणि काचेची इमारत, झाडांच्या काचघरासारखी. तिथे 'समतोल' मोठा करून मांडला गेला. मोठ्या टाक्या, जास्त वनस्पती, जास्त प्राणी. गॉसने डेव्हनहून त्यासाठी प्राणी पाठवले होते. लोकांनी गर्दी केली. पण काचेच्या घरात चहूबाजूंनी प्रकाश येतो. उन्हाने पाणी तापायचं, हिरवं व्हायचं. ५५ लिटरमध्ये जो हिशेब दोन गोल्डफिशसाठी जुळला, तो भरपूर खाणाऱ्या आणि भरपूर घाण करणाऱ्या समुद्री प्राण्यांसाठी जुळेना.

त्या गर्दीत एक माणूस होता, विल्यम ॲल्फर्ड लॉईड. जन्म १८२४, वेल्समधला. धंद्याने पुस्तकं बांधणारा, खिशात फारसे पैसे नसलेला. माझ्या प्रबंधाचा नायक म्हणा हवं तर. गाईड म्हणतात प्रबंधाला नायक नसतो, असू दे. लॉईडने घरी बाटल्या-बरण्यांत मत्स्यालयं केली, मग रीजंट्स पार्कजवळ 'ॲक्वेरियम वेअरहाउस' नावाचं दुकान काढलं. १८५८ सालची त्याची किंमतयादी मी वाचलीय. यादी कसली, जाडजूड पुस्तकच आहे. टाक्या, जाळ्या, घनतामापकं, समुद्री फुलं, खेकडे, आणि चक्क समुद्राचं पाणी! लंडनमध्ये खारं पाणी विकणारा हा माणूस. लोकांच्या टाक्या का मरतात याच्या तक्रारी रोज त्याच्या काउंटरवर येत असणार, आजच्या ॲक्वेरियमच्या दुकानात येतात तशाच.

ते वेड ओसरलं. १८६०च्या दशकात घरोघरच्या टाक्या रिकाम्या झाल्या, लॉईडचा धंदा बुडाला. पण तोवर त्याच्याइतकं मोठ्या टाक्यांबद्दल कुणाला कळत नव्हतं. त्याला हॅम्बुर्गने बोलावलं. १८६४ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात त्याच्या देखरेखीखाली मत्स्यालय उघडलं आणि पुढे १८७१ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय.

इथे थोडं थांबायला हवं, कारण लॉईडने जे केलं ते आजच्या प्रत्येक मोठ्या टाकीखाली आहे. दादाच्या टाकीखालीसुद्धा असायला हवं होतं.

लॉईडने विचारलेला प्रश्न असा: टाकी मोठी करायची म्हणजे नेमकं काय मोठं करायचं? सगळे म्हणत होते, काच मोठी करा. लॉईड म्हणाला, पाणी मोठं करा, आणि ते लोकांना दिसायची गरज नाही. क्रिस्टल पॅलेसमध्ये दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्याने अंधारा हौद बांधला. वरच्या सगळ्या टाक्यांत मिळून जेवढं पाणी, त्याच्या कितीतरी पट त्या हौदात. वाफेच्या इंजिनावरचे पंप हौदातलं पाणी वर चढवायचे, ते जोराच्या धारेने टाक्यांत पडायचं, पडताना हवा खेचून न्यायचं, आणि एका टाकीतून दुसरीत वाहत पुन्हा हौदात यायचं. दिवसरात्र. इंजिन बंद पडलं तर सगळं संपलं, म्हणून जादा यंत्रणा कायम तयार. पाण्याच्या वाटेवर धातू नको, कारण खाऱ्या पाण्यात विरघळलेला धातू प्राण्यांना विष. म्हणून नळ व्हल्कनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे. एखादी टाकी गढूळली की तिचं पाणी हौदात सोडायचं. एवढ्या मोठ्या साठ्यात ती घाण विरून जायची आणि काही दिवसांत नाहीशी व्हायची.

सिडनहॅम समुद्रापासून दूर. पाणी किनाऱ्यावरून रेल्वेने आणलेलं. एकदा भरल्यावर लॉईड ते बदलत नसे. बाष्पीभवनाने जेवढं कमी होईल तेवढं गोडं पाणी घालायचं, बस. मीठ उडून जात नाही, पाणी उडतं. (हे आजही नवशिक्यांना सांगावं लागतं. पातळी खाली गेली म्हणून खारं पाणी ओतत राहिलात तर टाकीचं लोणचं होतं.) आणि लॉईड ठासून सांगायचा, की पाणी वापरून वापरून खराब होण्याऐवजी सुधारतं. जुनं पाणी ही त्याच्या मते संपत्ती होती.

ऐकायला विचित्र वाटतं ना? रोज मासे त्यात शी-शू करतायत, खाणं कुजतंय, आणि पाणी म्हणे सुधारतंय. लॉईडचं स्पष्टीकरण त्या काळच्या रसायनशास्त्राचं होतं. हवेतला ऑक्सिजन पाण्यातली सेंद्रिय घाण हळूहळू 'जाळून' टाकतो. म्हणून हवा भरपूर खेळवा. आता थिनबाईंची ती मोलकरीण आठवा. तिचे दोन हात जे करत होते, तेच क्रिस्टल पॅलेसमध्ये वाफेचं इंजिन करत होतं. 'समतोल' ही फार मोहक कल्पना आहे, पण खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत आपोआप काही चालत नाही. कुणीतरी राबत असतं. हा माझ्या प्रबंधातला मुख्य मुद्दा, आणि मी तो मोलकरीण आणि इंजिन इथवर आणून मोठ्या समाधानाने थांबवला होता. दादाच्या फोनने कळलं की राबणाऱ्यांची यादी अजून पुरी झालेली नाही.

लॉईडचा शब्द युरोपभर चालत होता. नेपल्सला आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्री संशोधन केंद्र उभारलं, त्याच्या मत्स्यालयासाठी सल्ला लॉईडचाच होता. ते १८७४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. नेपल्सचं मत्स्यालय आजही आहे. लॉईड १८८० मध्ये गेला. जुनं पाणी का सुधारतं याचं खरं उत्तर त्याला मिळालं नाही. उत्तर मत्स्यालयातून आलंच नाही. ते आलं शेतातून आणि सांडपाण्यातून.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी काचेच्या एका लांब नळीत वाळू आणि खडूचा चुरा भरला आणि वरून सांडपाणी अगदी हळूहळू सोडायला सुरुवात केली. त्यांना पाहायचं होतं की सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट कसं होतं. नुसती रासायनिक क्रिया असेल तर ती लगेच सुरू व्हायला हवी. तसं झालं नाही. जवळपास २० दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं, आणि वाढत वाढत अमोनिया पार नाहीसा झाला. आता त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. वाळू तीच, हवा तीच, पण क्रिया बंद. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ती आपली आपण सुरू होईना. शेवटी त्यांनी चांगल्या मातीचं थोडं पाणी त्यात घातलं, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा यायला लागलं.

म्हणजे वाळूत कुणीतरी जिवंत होतं. चिमूटभर जुन्या मातीने ते परत आलं. आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडतं. दूध कितीही चांगलं असो, भांडं कितीही घासलेलं असो, विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही. आणि लावलं तरी रात्रभर थांबावं लागतं.

हे वाचून इंग्लंडमधल्या रॉदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातला एक रसायनशास्त्रज्ञ कामाला लागला. नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हो, तोच मुलगा. त्याने पुढची अनेक वर्षं मातीतल्या या क्रियेवर घालवली आणि दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळे सूक्ष्मजीव ते करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जीव वेगळे करून दाखवणं मात्र त्याला साधलं नाही. त्या वेळी जिवाणू वाढवायची नेहमीची रीत जिलेटिनवर वाढवण्याची होती, आणि या जिवाणूंना असलं सेंद्रिय खाणं मानवत नाही. ही गोष्ट ओळखून रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्कीने १८९० मध्ये त्यांना नुसत्या क्षारांच्या द्रावणात वाढवलं आणि बाजी मारली. धाकट्या वॉरिंग्टनच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

बापाने काचपात्रात 'समतोल' पाहिला आणि श्रेय मासा, झाड आणि गोगलगायीला दिलं. त्याच पात्रातल्या वाळूच्या कणांवर, दगडांवर, काचेवर चौथा भागीदार काम करत होता. तो कोण, याचा मागोवा मुलाने घेतला, पण शेतातल्या मातीत. त्याला वडिलांचं ते काचपात्र कधी आठवलं का? मला हे शोधायचंय. अजून तसा एकही कागद हाती लागलेला नाही.

आता लॉईडचा हौद या नजरेने बघा. माझं मत असं, की त्याच्या यशातलं अर्धं श्रेय त्या हौदाच्या आणि टाक्यांच्या ओल्या भिंतींना, खडकांना आणि त्यांवरून सतत वाहणाऱ्या, हवा मिसळलेल्या पाण्याला आहे. हे जिवाणू पाण्यात तरंगण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यांना दोन गोष्टी लागतात, अमोनिया आणि ऑक्सिजन, आणि लॉईडने नकळत दोन्ही त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या. हवेने घाण जळत नव्हती. हवेवर जगणारे ती खात होते. आणि 'जुनं पाणी' सुधारत होतं म्हणजे खरं तर जुन्या भिंती सुधारत होत्या.

खाऱ्या पाण्यात याचं महत्त्व आणखी वाढतं. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर असतो. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियाचा जास्त हिस्सा त्याच्या विषारी रूपात राहतो. म्हणून गोड्या पाण्यातला मासा जेवढा अमोनिया कदाचित सोसेल, तेवढ्यात क्लाउनफिश धापा टाकायला लागतो.

एवढं सगळं मी दादाला फोनवर सांगितलं नाही. मी विचारलं, "दगड कशाने धुतलेस?"

"नळाच्या पाण्याने. ब्रशने. का?"

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते असतंच जंतू मारायला. श्लोसिंग आणि म्युंट्झने क्लोरोफॉर्म वापरला, दादाने ठाण्याचा नळ आणि गॅलरीतलं ऊन. त्याच्या जुन्या टाकीतला सगळा राबता कामगारवर्ग दगडांवर, वाळूत आणि त्या काळ्या स्पंजमध्ये होता. दोन वर्षांचं विरजण त्याने एका दुपारी धुऊन, वाळवून, उरलेलं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग चौपट स्वच्छ दुधात थेट पाहुणे बसवले. पाणी जास्त असल्यामुळे अमोनिया पातळ झाला, म्हणून तर मासे सहा दिवस टिकले.

"म्हणजे घाण ठेवायची होती?" वहिनी पलीकडून.

सगळी नाही. जुन्या वाळूच्या तळाशी साचलेला गाळ उचकटून नव्या टाकीत ओतणं हाही धोका. सडलेलं सगळं एकदम वर येतं, म्हणून वाळू नवी घेतली ते ठीकच. पण दगड जुन्या टाकीच्याच पाण्यात हलकेच खळखळून, ओले ठेवून, तासा-दोन तासांत नव्या पाण्यात हलवायला हवे होते. नवं पाणी आधीच मिसळून, घुसळून, तापमान आणि घनता जुन्याशी जुळवून तयार हवं, ते त्याने केलंच होतं. काळा स्पंज त्याच पाण्यात पिळून नव्या फिल्टरमध्ये जुन्यासकट ठेवायचा. जुनी टाकी विकायची घाई करायची नाही. आणि सुरुवातीचे काही आठवडे मासे तेवढेच ठेवायचे, खाणं हात राखून घालायचं.

जुनी टाकी त्याने विकली होतीच. मग दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून. आमच्या ओळखीतल्या एकाकडे खाऱ्या पाण्याची चालू टाकी आहे. त्याच्याकडून दोन सच्छिद्र दगड मागून आणले, बादलीत त्याच्याच पाण्यात बुडवून, रिक्षाने. एवढ्या पाण्यात दोन दगड म्हणजे घागरभर दुधाला चमचाभर विरजण, पण लागायला पुरे. टाकीत मासा एकही नाही, फक्त तो वाचलेला खेकडा, आणि त्याच्या नावाने रोज चिमूटभर खाणं. दादाने अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या बाटल्या आणल्या आणि रोज संध्याकाळी परीक्षानळ्यांचे फोटो मला पाठवायला लागला. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. पहिला आठवडा हिरवा. दुसऱ्या आठवड्यात आणखी हिरवा, आणि दुसरी नळी जांभळी, म्हणजे पहिला टप्पा सुरू झालाय, दुसऱ्याचा पत्ता नाही. "तुझा तो धाकटा वॉरिंग्टन काय म्हणतो?" असा मेसेज. मी म्हटलं, थांब म्हणतो.

आई रोज विचारायची, अरे एवढी मोठी टाकी नुसती एका खेकड्यासाठी चालवतोयस? वीजबिल कोण भरणार?

एकोणिसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी आली. नायट्राइट उतरायला अजून दोन आठवडे लागले. तोवर काचेवर तपकिरी थर चढला होता, आणि वहिनीने तो पुसायला फडकं हातात घेतलं तेव्हा दादा म्हणे जोरात ओरडला. समोरची काच तेवढी पुसू दिली त्याने, मागची नाही. गेल्या रविवारी एक क्लाउनफिश आणला. एकच. पिशवी टाकीत तरंगत ठेवून दीड तास थेंब थेंब पाणी त्यात घालत बसला होता. व्हिडिओ कॉलवर मला फक्त पिशवी दिसत होती आणि खाली, जुन्या दगडाआडून बाहेर येणारा खेकडा.